तांदळात लिहिलेलं नाव

४ जानेवारी

सकाळी वहिनीचा फोन. मागे मोटारीचा आवाज, कोंबड्या, तिची सई शाळेचा डबा शोधतेय.

"वैशूताई, बातमी आहे. आधी कुठेतरी बसा."

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या मळ्यांच्या वस्तीतली एक जागा महिलेसाठी राखीव. बचत गटाच्या बायकांनी काल ठरवलं की वहिनीनेच उभं राहायचं. मी भररस्त्यात हसले. तिच्याशिवाय दुसरं कोण? वस्तीवर नळ यावा म्हणून ती बायका घेऊन सटाण्याला पंचायत समितीत किती वेळा जाऊन बसली. तिथल्या साहेबाला म्हणाली होती, "साहेब, आमच्याकडे जेवायला या. फक्त येताना पाणी घेऊन या."

नाशिकच्या द्वारकेच्या सिग्नलपासून ऑफिसपर्यंत मनात तिची भाषणं लिहीत आले. ऑफिसच्या जिन्यात पाय थांबले.

उमेदवार भारताचा नागरिक असावा लागतो. वहिनी नाही.

आमच्या घरात हे कधी कोणी बोललंच नाही. ती नेपाळातल्या इलामची. वडील इथे कोल्ड स्टोरेजवर वॉचमन, ती लहानपणीच नाशिकला आली, महापालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत मराठीत शिकली. दादा त्या कोल्ड स्टोरेजवर द्राक्षं पोचवायला जायचा. त्याने लग्नाचं काढलं तेव्हा आई महिनाभर कोणाशी धड बोलली नाही. मग एक दिवस तीच म्हणाली, नाव दीपाली ठेवू. लग्नात ताटात तांदूळ पसरले, दादाने अंगठीने नाव लिहिलं, त्याचं मनगट आईने धरलेलं. धनमाया होती, दीपाली झाली. आम्हाला वाटलं, झालं सगळं.

मतदार कार्डही आहे तिच्याकडे. शाई लावलेल्या बोटांचा आम्हा दोघींचा फोटो मीच स्टेटसला ठेवला होता. मी तेव्हा लॉच्या दुसऱ्या वर्षाला.

५ जानेवारी

ज्यांच्या हाताखाली वकिली करते त्या पगार मॅडमना विचारलं. "एक क्लायंट आहे, मॅडम, बाहेरच्या देशातली, लग्न करून आलेली..."

मॅडमनी फाइलमधून मान वर केली नाही. "क्लायंट तुझ्या घरातली दिसते. सकाळपासून चहा प्यायली नाहीस."

मग सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

लग्नाने नागरिकत्व मिळत नाही. लग्नानंतर सात वर्षं इथे राहिल्यावर फक्त अर्ज करता येतो. वहिनीची अकरा झालीत. म्हणजे कधीच करता आला असता. पण मतदार यादीत नाव घालताना फॉर्मवर छापलेलं असतं, मी भारताची नागरिक आहे. त्याखाली सही असते. खोटी निघाली तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

"तिने वाचलं होतं का?" मॅडमनी विचारलं.

नेपाळीची लिपीही देवनागरीच. त्यात ती मराठी शाळेतली. वाचलं असणार.

मग सही का केली?

८ जानेवारी

वाचनालयात बसले. पाय नुसते हलत राहतात. टिपणं:

– शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडच्या बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. अमेरिकेतही. ती नवऱ्याच्या देशाची. तिला विचारायचंच नाही. म्हणजे आई जे म्हणते ("आपल्या घरात आली, आपली झाली") तो अर्ध्या जगाचा कायदा होता. मग बायका भांडल्या आणि बदलला. चांगलंच झालं. बाई म्हणजे नवऱ्याचं सामान नाही. हे मी कॉलेजात वादविवाद स्पर्धेत बोलले असते आणि टाळ्या घेतल्या असत्या.

– पण मग ज्या बाईला नवऱ्याच्या देशाचं व्हायचंय तिने थांबायचं. सात वर्षं, अर्ज, चौकशी. कायदा असा असो की तसा, अडते तीच.

– जर्मनीत आधी फक्त रक्त बघायचे, २००० पासून तिथे जन्मलेल्या परक्यांच्या मुलांनाही काही अटींवर मिळतं. आयर्लंड उलट गेला, तिथे जन्म पुरेसा होता, २००४ मध्ये लोकांनी मत देऊन ते काढलं. आपणही उलटेच गेलो. जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलं की भारतीय. नंतर आई किंवा बाप भारतीय हवा. डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा आलेला नको.

इथे सईचा विचार आला. जन्म सटाण्याचा. बाप भारतीय. आई? नेपाळच्या माणसाला यायला व्हिसा लागत नाही, म्हणजे वहिनी बेकायदा आलेली नाही. म्हणजे सई भारतीय. पुन्हा वाचलं. भारतीय. पुन्हा वाचलं.

आठ वर्षांची पोर, पाढे म्हणताना अडली की नेपाळीत मोजते. तिच्यासाठी मी कलम शोधत बसलेय.

१० जानेवारी, घरी

बस देवळ्याला बंद पडली, संध्याकाळी पोचले. चुलीपाशी सगळे. सांगून टाकलं. प्रस्तावना तयार केली होती, ती विसरले.

दादा म्हणाला, "हे तुला आत्ता आठवलं? अकरा वर्षं काय करत होतीस?"

"अकरा वर्षांपूर्वी मी शाळेत होते."

आईने भाकरी तव्यावर आपटली, तिच्या अहिराणीत म्हणाली, "मन्ही सून शे ती. आखो काय पाहिजे तुन्हा सरकारले?"

"आई, सरकार माझं नाही."

"मग कशाला त्याच्या बाजूने बोलतेस?" दादा.

वहिनीने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिने मी ज्याला घाबरत होते ते अगदी साधेपणाने सांगितलं. त्या वर्षी गावात आलेल्या सगळ्या नव्या सुनांचे फॉर्म एकदमच भरले होते. ग्रामपंचायतीच्या पायरीवर ओळीने बसून सह्या. तिने वाचलं, नागरिक आहे. तिला ते खरंच वाटलं.

"माझी काकी दार्जिलिंगची. म्हणजे तुमच्याकडची. काकाशी लग्न करून इलामला आली आणि लगेच तिला नेपाळचा दाखला मिळाला. मी म्हटलं, बाई लग्न करून जाते तिथली होते. तिकडे असं, मग इकडेही असंच असणार."

हे खरंय. नेपाळी माणसाच्या परदेशी बायकोला तिथे थांबावं लागत नाही. म्हणजे वहिनीने खोटं लिहिलं नाही. तिने एका देशाचा कायदा दुसऱ्या देशाच्या फॉर्मवर खरा मानला. आईही तेच मानते, तिचं कारण तांदळाचं ताट.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला हसू येईना.

११ जानेवारी

सकाळी उन्हाळ कांद्याची लागण. वाफ्यात बायकांची ओळ, मी सगळ्यात मागे आणि सगळ्यात वाकडी. वहिनीने माझी रोपं परत उपटून सरळ लावली.

"मग आता काय करायचं, वकीलबाई?"

सांगितलं. उभं राहायचं नाही. यादीतलं नाव आपणहून काढून घ्यायला अर्ज द्यायचा. आणि नागरिकत्वासाठी दुसरा.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे आहे ते घालवायचं आणि नाही ते मागायचं."

"हो."

"किती दिवसांत देतात?"

"सांगता येत नाही. वर्षं लागतात कधी कधी."

"आणि दिलं, तर तिकडचं?"

तिकडचं जातं. भारत दोन ठेवू देत नाही, नेपाळही नाही. तिचे वडील गेल्यावर इलामच्या घरात आणि थोड्या वेलचीच्या बागेत तिचाही हिस्सा निघालाय. आता तिथे मुलींना बरोबरीने मिळतं. पण परदेशी माणसाला तिथे जमीन ठेवता येत नाही. ती भारतीय झाली की स्वतःच्या आईच्या अंगणात परकी.

"आई एकटी आहे तिथे," वहिनी म्हणाली. "दर फोनला एकच. तुझा वाटा सोडू नकोस, निदान यायला कारण राहील."

मग पुन्हा वाकली. पुढचं रोप खोचलं.

नऊ वर्षांपूर्वी दादाने माझ्यासाठी पिंपळगावचं स्थळ आणलं होतं. वहिनी, पोटात सई, ओट्यावर बसून म्हणाली होती, हिला शिकू द्या, या घरात एक तरी जण कागद वाचणारं हवं. आज मी तिला कागद वाचून दाखवतेय.

१५ जानेवारी, नाशिक

काल संक्रांत झाली. ऑफिसात तिळगूळ. दुपारी दादाचा फोन, आवाज खाली.

आईने घोळ घातला. कालच्या हळदीकुंकवाला वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका आलेल्या, आणि आईने अभिमानाने सांगितलं, "आमच्या दीपालीला आता वैशू सरकारचा पक्का दाखला काढून देणार. नेपाळचं सगळं सोडायला लावणार." तिच्या मते ही कौतुकाची गोष्ट. वाणाच्या वाट्या घेऊन बायका घरोघर गेल्या, बातमीही गेली. अंधार पडायच्या आत भिका नाना पारावर बोलत होते. त्यांची सून त्याच जागेला उभी राहतेय.

"काय म्हणाले?"

"मला तिळगूळ दिला. म्हणाले, गोड बोल. आणि मग म्हणाले, परदेशी बाई पंच झाली तर सभा नेपाळीत घ्यायची का मराठीत."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, नाना, मराठीतच घेऊ, पण तुम्ही सभेला या तरी."

दादा हसला. मग म्हणाला, "वैशू, ती काल रात्रीपासून बोलत नाही."

आईला फोन केला. आईने मलाच झापलं. "चांगली गोष्ट सांगी मी. आम्ही काय चोरी करी का?"

नाही केली. पण मला ही गोष्ट कायद्याच्या भाषेत कशी सांगायची ते अजून सापडत नाही.

१८ जानेवारी

मॅडम: "उभी राहिली तर नाना हरकत घेणार, नाहीच घेतली तरी उमेदवारी अर्जात पुन्हा तेच लिहून द्यावं लागणार. मागची सही अजाणता होती. आता कळल्यावर केली तर तिला काय म्हणायचं, तू सांग."

मी म्हटलं, "ती गावाचं काम करते. नाना वीस वर्षं फक्त पारावर बसलेत. ते नागरिक आणि ती नाही, हे बरोबर आहे का?"

"हे कोर्टात बोलू नकोस."

"तुमच्याशी बोलतेय."

मॅडम थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरोबर नाही. पण ती आत गेली पाहिजे ना? मग दारातून ने. मागून नेलीस तर कोणीही, कधीही बाहेर काढेल."

संध्याकाळी शालिमारपर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. 'भारत माझा देश आहे.' शाळेत रोज म्हणायचो. वहिनीही म्हणायची, नाशिकच्याच शाळेत, हात पुढे करून. तेव्हा कोणी तिला थांबवलं नाही.

रागात चालताना चपलेचा पट्टा तुटला. शिवून घेतला.

२१ जानेवारी

वहिनीचा फोन. दोनच वाक्यं. "संगीता उभी राहील, मी तिच्यासोबत फिरेन. तुमचे अर्ज करा."

संगीता तिच्या गटातली. बोलताना घाबरते. वहिनी म्हणे तिला रोज विहिरीवर भाषण शिकवते.

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणाले तसंच झालं. दिवसभर काही खाल्लं नाही.

२७ जानेवारी

वहिनीला घेऊन नाशिकच्या जिल्हाधिकारी कचेरीत. यादीतून नाव काढायचा अर्ज सटाण्यालाच दिला होता. आज नागरिकत्वाच्या अर्जाला काय काय लागतं ते विचारायला. टेबलावरच्या बाई चांगल्या होत्या, कंटाळलेल्या पण चांगल्या.

"पासपोर्ट?"

"नेपाळहून यायला लागत नाही."

"ते मला माहीत आहे हो. पण रकाना आहे."

मग वहिनीचा नेपाळचा दाखला बघितला, मग आधार. "धनमाया कोण?"

"मी."

"आणि दीपाली?"

"मीच."

"दोघी एकच हे कशावरून?"

कशावरूनच नाही. लग्नाची नोंदणी केलेली नाही. पत्रिकेत आईने आधीच दीपाली छापून घेतलं होतं. धनमाया या घरात आली याचा कुठे पुरावाच नाही. बाई म्हणाल्या, आधी लग्नाची नोंद करा, साक्षीदार आणा, आणि एक नाव ठरवा.

बाहेर पायऱ्यांवर उसाचा रस घेतला. मी म्हटलं, दीपाली ठेवू, आधार, रेशन कार्ड, शाळेत सईच्या आईचं नाव, सगळं त्याच नावावर आहे. सोपं पडेल.

ती ग्लासात बघत म्हणाली, "तिकडचं घर जाणार. दाखला जाणार. नाव तरी माझं राहू द्या, ताई. देशाला द्यायचं तर माझं खरं नाव देते. आईंनी ठेवलेलं घरात राहील."

मी कुठलंही कलम सांगितलं नाही.

३० जानेवारी, घरी

आईला कोण सांगणार यावर दादा आणि मी तासभर भांडलो. शेवटी वहिनीनेच सांगितलं, गोधडी घालताना.

आई म्हणाली, "दीपाली वाईट शे का?"

"नाही. चांगलं आहे. पण मला माझ्या आईने एक ठेवलं होतं."

आई गोधडीच्या कडा सारख्या करत बसली. मला वाटलं, आता महिनाभर बोलणार नाही. मग मला म्हणाली, "तू बी लगीन करशी तवय नाव बदलशी का?"

"नाही."

"मंग तिनं काब्रं बदलाव?"

तिने का बदलावं? मी इतकी वर्षं पुस्तकं वाचून ही ओळ शोधत होते.

४ फेब्रुवारी

लग्नाची नोंदणी. साक्षीदार तीन, त्यात आई. इस्त्रीचं नऊवारी. कारकुनाने विचारलं, "आजी, ही तुमची सून? नाव काय हिचं?"

आईने वहिनीकडे एकदा बघितलं. "धनमाया," म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "आमी घरी दीपाली म्हणतस. ते लिखू नका."

कारकून हसला. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दादाने सही करताना पेन दोनदा झटकलं.

६ फेब्रुवारी, नाशिक

अर्ज गेला. ऑनलाइन भरला, प्रती दिल्या, पोच घेतली. आता चौकशी, मग पोलीस, मग मुंबई, मग दिल्ली. मॅडम म्हणाल्या, आता विसर आणि बाकीची कामं कर.

विसरता येत नाही. मोबाईलवर दिवसातून किती वेळा तेच पान उघडते. 'प्रलंबित'.

इलामहून वहिनीच्या आईचा निरोप, वाटणीचे कागद तयार आहेत, सही करायला ये. वहिनीने विचारलं, जाऊ का. मी म्हटलं, चौकशीच्या वेळी तू इथे नसलीस तर... वाक्य पूर्ण केलं नाही. तिनेही केलं नाही. म्हणाली, "हुन्छ." बरं, असं. सईसुद्धा हल्ली असंच म्हणते.

मी तिला आत घेतेय की कोंडतेय?

१५ फेब्रुवारी, घरी

मतदान. जिल्हा परिषदेच्या शाळेत. आई, दादा, मी, आणि वहिनी सईला घेऊन नुसतीच. संगीताने काल वस्तीवर भाषण केलं म्हणे, पाण्यावर, न घाबरता. शब्द सगळे वहिनीचे.

दारात टेबल टाकून बसलेल्या पोराने यादी चाळली. "दीपाली वहिनी, या की, तुमचं नाव आहे इथे."

यादी आधीच गोठवलेली होती. काढायचा अर्ज त्यानंतरचा. नाव छापून आलंय.

भिका नाना शेजारच्या बाकावर. त्यांनी वर बघितलं आणि काहीच म्हणाले नाहीत. कदाचित त्यांना वाटलं, एक मत, जाऊ दे. कदाचित वाट बघत होते. मागे रांगेतली बाई म्हणाली, "जा ना गं, संगीताला एक वाढेल." ते खरं होतं. इथे एका-दोन मतांनी पडतात लोक. दादाने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे. जा म्हणावं असं मनात आलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

वहिनी पुढे होऊन टेबलाशी वाकली, बोट ठेवून ते नाव वाचलं.

"ही दीपाली आहे," ती म्हणाली. "मी धनमाया. माझं आलं की येईन."

पोराला काही कळलं नाही. नाना उठून पाणी प्यायला गेले.

आम्ही मत देऊन बाहेर आलो तेव्हा ती चिंचेखाली सईच्या वेण्या घालत होती. सईने आमची तिघांची बोटं तपासली आणि मग स्वतःच्या आईचं. वेणीसाठी मान पुन्हा वळवली.

परत येताना बांधावरून एकामागे एक चाललो होतो. कांदा चांगला लागलाय, वहिनीची ओळ लगेच ओळखू येते. ती मागे न बघता म्हणाली, "ताई, आणि नाहीच आलं तर? तिकडची सही करायची तारीखही निघून जाईल."

पुढे आई, मागे दादा, सगळे ऐकत होते. माझ्या डोक्यात कलमं, पोटकलमं, अपील, पुन्हा अर्ज, सगळं एकदम आलं.

"उद्या तुझ्या आईला फोन लावू," मी म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी."

"कुठल्या भाषेत?"

"तू सांग मला काय म्हणायचं ते."

ती थांबली, वळली, आणि बांधावरच मला पहिलं वाक्य शिकवायला लागली. माझ्या तोंडात ते बसेना. सई हसत होती.